नकाशावरचा बाण नेमकी कोणती उत्तर दाखवतो?

नकाशाच्या कोपऱ्यातला उत्तरेचा बाण आपण सहज गृहीत धरतो. चांगल्या स्थलदर्शक नकाशाच्या समासात मात्र एका बिंदूतून फुटलेल्या तीन रेषा दिसतात, कारण नकाशा वापरणाऱ्याला तीन वेगवेगळ्या उत्तर दिशांशी गाठ घालावी लागते. भौगोलिक ध्रुवाकडे जाते ती खरी उत्तर. नकाशावर छापलेल्या चौकटीच्या उभ्या रेषा दाखवतात ती जाळीची उत्तर. रेखावृत्ते ध्रुवाकडे एकत्र येत जातात आणि जाळीच्या रेषा मात्र समांतर राहतात, म्हणून या दोहोंत थोडा कोन पडतो. तिसरी चुंबकीय उत्तर, जिच्याकडे होकायंत्राची सुई वळते.

खरी आणि चुंबकीय उत्तर यांच्यातल्या कोनाला चुंबकीय दिक्पात म्हणतात. महाराष्ट्रात तो सध्या एका अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे सह्याद्रीत भटकणाऱ्यांना त्याची फारशी झळ लागत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात तो सुमारे १३ अंश पूर्वेकडे आहे. तिथे सुईलाच खरी उत्तर समजून १० किलोमीटर सरळ चालणारा माणूस ठरलेल्या जागेपासून सव्वादोन किलोमीटरहून अधिक बाजूला पोहोचेल.

शिवाय हा कोन स्थिर नसतो. पृथ्वीच्या बाह्यगाभ्यातल्या वितळलेल्या लोहाच्या हालचालींतून चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि त्या हालचालींबरोबर ते बदलतही राहते. जेम्स क्लार्क रॉस यांनी १८३१ मध्ये उत्तर चुंबकीय ध्रुव कॅनडाच्या उत्तर भागात शोधला. तो आता सायबेरियाच्या दिशेने बराच सरकला आहे. म्हणूनच दिक्पाताच्या आकड्याशेजारी वर्ष लिहिलेले असते, आणि माझ्या मते त्या आकड्याइतकेच ते वर्षही महत्त्वाचे आहे. लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळाच्या धावपट्टीचा क्रमांक २००९ मध्ये याच कारणाने ०५/२३ चा ०४/२२ करावा लागला, कारण धावपट्ट्यांचे क्रमांक चुंबकीय उत्तरेवरून ठरतात.

या बदलांची नोंद ठेवणे किती नाजूक काम आहे, याची साक्ष अलिबाग देते. मुंबईत विजेवरच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर त्यांच्या विद्युतप्रवाहामुळे कुलाबा वेधशाळेतले चुंबकीय वेध बिघडतील हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली आणि नोंदींची साखळी तुटू नये म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे समांतर वेध घेतले गेले.

घराच्या आराखड्यावरही हाच प्रश्न येतो. कागदावर नीट बसावा म्हणून आराखडा अनेकदा फिरवून काढतात, त्यामुळे वरची बाजू उत्तर असेलच असे नाही. तिथे बाणावरच विसंबावे लागते. तो बाण बांधकामाच्या जागी मोबाइलमधल्या होकायंत्राने पडताळायचा असेल, तर लोखंडी सळयांपासून लांब उभे राहावे, कारण सळयांजवळ सुई कित्येक अंशांनी फिरू शकते. बाणाखाली ‘खरी उत्तर’ की ‘चुंबकीय उत्तर’ हे लिहिलेले नसेल, तर आराखडा करणाऱ्याला ते अवश्य विचारावे.