ओल्या ग्रीनवर उमटणारी रेघ

भुरभुर पावसात गोल्फच्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी आखूड कापलेल्या गवतावर, चेंडू ढकलला, की त्याच्या मागे पाण्याचा बारीक तुरा उडतो आणि गवतावर गडद रेघ उमटत जाते. पात्यांवरचे थेंब उजेड विखुरतात, म्हणून ओली ग्रीन चंदेरी दिसते. चेंडू थेंब झटकतो तिथे मूळचा हिरवा रंग उघडा पडतो. कोरड्या दिवशी चेंडू नेमका कुठे वळला हे नजरेनं टिपावं लागतं. ओल्या दिवशी ते जमिनीवर लिहिलेलंच सापडतं. पावसात पटिंगचा, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळत नेण्याचा, सराव करायला मला एवढं एक कारण पुरतं. जोराची सर आली की रेघ पुसली जाते, आणि ढग गडगडले की सराव तिथेच थांबवायचा. मोकळ्या मैदानात हातात धातूची दांडी धरून विजेची वाट पाहू नये.

फटके आखूड पडतात, हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. त्याचं कारण मात्र बरेचदा चुकीचं सांगितलं जातं: 'चेंडू भिजून जड होतो.' गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा, व्यास सुमारे ४२.७ मिलिमीटर. त्याच्यावर सगळीकडून ०.१ मिलिमीटर जाडीचं पाणी चिकटलं असं धरलं, तरी भर पडते अर्ध्या ग्रॅमहून किंचित जास्त. खोडी जमिनीची असते. चेंडूला समोरचं पाणी बाजूला सारावं लागतं, शिवाय माती मऊ झाल्यानं तो किंचित रुततो आणि आपणच केलेल्या खळग्यातून सतत वर चढत राहतो.

ग्रीनचा वेग मोजतात स्टिंपमीटरनं. १९३५ मध्ये एडवर्ड स्टिंपसन यांना सुचलेलं हे साधन म्हणजे खाच असलेली एक पट्टी. ती एका टोकाने उचलत गेलं, की साधारण २० अंशांवर चेंडू आपोआप सुटतो आणि दर वेळी सारख्याच वेगानं, सेकंदाला सुमारे १.८३ मीटर, ग्रीनवर उतरतो. तो जितके फूट जाईल तितका त्या ग्रीनचा वेग. समजा, कोरड्या ग्रीनवर तो १० फूट गेला आणि पावसानंतर ८. म्हणजे अडथळा २५ टक्क्यांनी वाढला. तेवढंच अंतर गाठायला सुरुवातीचा वेगही २५ टक्के वाढवायचा का? नाही. अंतर वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यानं १२ टक्के पुरतात. दोन फटके आखूड पडले की तिसरा रागानं हाणून होलच्या पार पलीकडे घालवण्याची माझी जुनी खोड या गणितानं थोडी आवरली.

गंमत पुढे आहे. होलपाशी जाऊन थांबेल असा सहा मीटरचा फटका याच उदाहरणातल्या कोरड्या ग्रीनवर ४.७ सेकंद घेतो, ओल्यावर ४.२. संथ ग्रीनवर चेंडू लवकर पोहोचतो! कारण तो जास्त वेगानं निघतो आणि शेवटी रेंगाळत नाही. उताराला त्याला ओढायला वेळ कमी मिळतो, म्हणून वळणही सुमारे २० टक्क्यांनी घटतं. सवयीनं कोरड्यातलं वळण धरून नेम घेतला, तर चेंडू उताराच्या वरच्या बाजूलाच राहतो. रेघ पाहा, पटेल.

सरावात वाटेतलं पाणी टॉवेलनं पुसायचा मोह होतो. पुसू नका, खेळताना नियम ते करू देत नाहीत. वाटेत पाणी साचलेलंच असेल तर दंडाशिवाय चेंडू दुसरीकडे ठेवता येतो, हा भाग वेगळा. टॉवेल पटरच्या, म्हणजे पटिंगच्या दांडीच्या, ग्रिपसाठी कोरडा राहू द्या, छत्रीच्या काड्यांना अडकवून.

पाऊस थांबला तरी ग्रीन एकसारखी वाळत नाही. अनेक आधुनिक ग्रीनखाली सुमारे ३० सेंटिमीटर वाळू आणि त्याखाली १० सेंटिमीटर खडी असते. वाळूच्या बारीक फटी पाणी धरून ठेवतात. वरचा थर पुरेसा भरल्याशिवाय ते खडीत उतरत नाही. उतारावर हे पाणी वाळूतूनच हळूहळू खालच्या अंगाला सरकतं. उंचवटे आधी सुकतात, खोलगट भाग उशिरापर्यंत ओला राहतो. त्यामुळे उंचवट्यावरून खाली मारलेला लांब फटका अर्धी वाट झपाझप जातो आणि पुढे एकाएकी मंदावतो. तो कुठे मंदावला तेही दिसतं: वरच्या कोरड्या गवतावर काहीच उमटलेलं नसतं, आणि रेघ सुरू होते ती खालच्या ओल्या भागात.