पेल्याच्या काठावरचे चार कान

अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यातून एक गोल चकती कापली, डायवर, म्हणजे मधे भोक असलेल्या साच्यावर ठेवली आणि पंचने, म्हणजे वरून उतरणाऱ्या दट्ट्याने दाबून तिचा पेला काढला. चकती गोल, पंचही गोल. तरी पेल्याचा काठ सपाट येत नाही. चार ठिकाणी तो वर चढतो आणि मधे मधे खाली बसतो. या दोषाला इअरिंग म्हणतात, म्हणजे काठाला कान फुटणं.

हे कान साच्याच्या चुकीमुळे फुटतातच असं नाही. बहुतेकदा त्यांचं मूळ पत्र्यातच असतं. पत्रा म्हणजे असंख्य बारीक स्फटिककण, अर्थात ग्रेन. धातू आकार घेतो तेव्हा कणांमधले अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात, पण वाटेल तसे नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या स्फटिकात घसरण्याचे मार्ग 12च आहेत. कण कसेही विखुरलेले असते तर सगळ्या दिशा सारख्याच ठरल्या असत्या. पण रोलिंगमध्ये, म्हणजे धातू रुळांमधून दाबून पातळ करताना, कण वळतात आणि बरेचसे ठरावीक दिशांना तोंड करून बसतात. हेच टेक्श्चर.

थंड रोलिंगच्या टेक्श्चरमुळे कान रोलिंगच्या दिशेशी 45 अंशांवर येतात. पत्रा तापवला की नवे कण जन्मतात, त्यातल्या अनेकांमध्ये अणूंच्या घनाकार मांडणीच्या कडा रोलिंगच्या दिशेला समांतर असतात, आणि आता कान 0 आणि 90 अंशांवर सरकतात. शीतपेयाच्या कॅनसाठी लागणाऱ्या 3104 मिश्रधातूत हीच गोष्ट कामी आणतात: गरम रोलिंगनंतर दुसऱ्या प्रकारचं टेक्श्चर मुद्दाम जोपासायचं, मग थंड रोलिंगने पहिलं वाढवायचं. दोन्ही एकमेकांना बऱ्यापैकी खोडतात, काठ जवळपास सपाट येतो आणि छाटावा लागणारा धातू वाचतो. मला धातुशास्त्रातली ही फार सुंदर युक्ती वाटते.

कणांचा आकारही महत्त्वाचा. कण मोठे असले तर ताणलेला पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. बारीक कणांनी धातू मजबूत होतो, पण अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या पत्र्यात कण फारच बारीक झाले तर ताणताना पृष्ठभागावर पट्टे उमटतात.

गाडीच्या पत्र्यात आणखी एक दोष दडलेला असतो. सारख्या दिशेचे कण रोलिंगच्या दिशेने लांब ओळी धरून बसतात. साध्या डोळ्यांना काही कळत नाही. पण पत्र्याची पट्टी रोलिंगच्या दिशेला आडवी ताणून तिच्यावर सपाट दगड हलकेच घासला की उंच रेघा चमकतात, खोल रेघा मंदच राहतात. रंग दिल्यावर दारावर दिसल्या असत्या, त्या याच रेघा.