तान्ह्या बाळालाही स्वतःचाच पासपोर्ट

‘पाच वर्षांखालच्या लेकराला पासपोर्ट नको, आईच्या पासपोर्टवर नाव चढवलं की झालं’ हा मेसेज जळगाव-धुळ्याच्या घराघरांत फिरतो. अगदीच निराधार नाही तो. जुन्या हाताने लिहिलेल्या पासपोर्टात मुलांची नावं खरंच चढवत. आता ती पद्धत बंद आहे; महिन्याच्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. आपलाच छापील पासपोर्ट उघडून बघा, मुलांसाठी रकानाच सापडणार नाही.

मुलांच्या पासपोर्टची मुदत ५ वर्षं किंवा अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल ते. म्हणून दुबईच्या काकाकडे निघण्याआधी तारीख बघाच; व्हिसा वेगळा काढावा लागतो. अर्जासोबत जन्मदाखला आणि आईवडिलांचं संमतीपत्र लागतं. शंका असेल तर सरकारी पासपोर्ट संकेतस्थळावर ‘अल्पवयीन’ निवडा, कागदांची यादी समोर येते.