महिलांवरील हिंसाचारविषयक राष्ट्रीय स्मरण व कृती दिन (कॅनडा)

कॅनडात दरवर्षी ६ डिसेंबर रोजी पाळला जाणारा दिवस. १९८९ साली याच तारखेला माँट्रियलच्या एकोल पॉलिटेक्निक या अभियांत्रिकी महाविद्यालयात झालेल्या हत्याकांडातील चौदा महिलांचे या दिवशी स्मरण केले जाते. देशाच्या संसदेने १९९१ मध्ये त्याला अधिकृत मान्यता दिली. स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्ध २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर या काळात जगभर चालणाऱ्या सोळा दिवसांच्या मोहिमेतच तो येतो.

हल्लेखोर अर्धस्वयंचलित रायफल घेऊन इमारतीत शिरला. एका वर्गात त्याने विद्यार्थी आणि विद्यार्थिनींना वेगळे केले, पुरुषांना बाहेर काढले, आपला लढा स्त्रीवादाशी आहे असे सांगितले आणि मागे राहिलेल्या नऊ जणींवर गोळ्या झाडल्या. त्यांतील सहा जणी मरण पावल्या. या नऊ जणींपैकी नाताली प्रोव्हो यांनी ‘आम्ही फक्त शिकणाऱ्या मुली आहोत’ अशा अर्थाचे बोलून त्याला थांबवण्याचा प्रयत्न केला होता. त्या वाचल्या, पुढे शस्त्रनियंत्रणाच्या चळवळीत उतरल्या आणि २०२५ मध्ये खासदार म्हणून निवडून आल्या. वर्गातून बाहेर पडल्यावर हल्लेखोराने इमारतीत इतरत्र आणखी महिलांना ठार केले आणि शेवटी स्वतःवर गोळी झाडली. मृतांपैकी बहुतेक जणी अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी होत्या. एक शुश्रूषाशास्त्र शिकत होती आणि एक महाविद्यालयाची कर्मचारी होती. (अनेक स्मरणसभांत चौदा जणींची नावे वाचली जातात आणि मारेकऱ्याचे नाव मुद्दाम टाळले जाते, या नोंदीतही ते दिलेले नाही.)

हल्लेखोराच्या पत्रात हेतू उघड लिहिलेला असूनही सुरुवातीच्या सार्वजनिक चर्चेत ही घटना एका मनोरुग्णाचे कृत्य म्हणून मांडण्याकडे कल होता. स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी राजकीय हेतूकडे लक्ष वेधले, तेव्हा शोकाचा फायदा घेतल्याचा आरोप त्यांच्यावरच झाला. माँट्रियलमधील स्मृतिस्थळाच्या फलकावर अनेक वर्षे ‘दुःखद घटना’ असाच उल्लेख होता. तो बदलून ‘स्त्रीवादविरोधी हल्ला’ असे स्पष्ट शब्द यायला २०१९ साल उजाडले, म्हणजे तीस वर्षे गेली. व्हँकुव्हरच्या थॉर्नटन पार्कमध्ये १९९७ साली चौदा ग्रॅनाइट बाकांचे स्मारक उभे राहिले. ते पुरुषांकडून मारल्या गेलेल्या सर्व महिलांना अर्पण करण्याच्या मजकुरावरून वादळ उठले, पण मजकूर कायम राहिला. २०१४ पासून ६ डिसेंबरच्या संध्याकाळी माँट्रियलच्या माँ रॉयाल टेकडीवरून चौदा प्रकाशझोत आकाशात सोडले जातात. त्याच वर्षी पॉलिटेक्निकने अभियांत्रिकीत पुढील शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींसाठी ‘ऑर्डर ऑफ द व्हाइट रोझ’ ही शिष्यवृत्ती सुरू केली.

दिनाच्या नावातील ‘कृती’ सर्वांत आधी शस्त्रकायद्याकडे वळली. वाचलेले विद्यार्थी आणि मृतांचे कुटुंबीय यांच्या पाठपुराव्यानंतर १९९५ मध्ये बंदूक कायदा झाला. लांब नळीच्या बंदुकांची नोंदवही मात्र २०१२ मध्ये रद्द करण्यात आली. १९८९ च्या हल्ल्याच्या दिवशी पोलीस बराच वेळ इमारतीबाहेर थांबले होते. या अनुभवातून शिकून माँट्रियल पोलिसांनी कार्यपद्धती बदलली आणि २००६ मध्ये डॉसन महाविद्यालयातील गोळीबाराच्या वेळी ते तत्काळ आत शिरले. १९९१ मध्ये टोरांटोतील काही पुरुषांनी स्त्रियांवरील हिंसाचाराला पुरुषांनीच विरोध करावा यासाठी पांढऱ्या फितीची मोहीम सुरू केली, जी पुढे अनेक देशांत पसरली.

विद्यापीठांच्या आवारातील नित्याच्या हिंसेकडे कायद्याचे लक्ष त्यामानाने फार उशिरा गेले. ही हिंसा बंदुकीशिवाय घडते आणि ती करणारा बहुधा ओळखीचा असतो, हे त्यामागचे एक कारण मानता येईल. ऑन्टॅरिओ आणि ब्रिटिश कोलंबिया प्रांतांनी २०१६ मध्ये, तर क्वेबेकने २०१७ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांना लैंगिक हिंसाचारविषयक स्वतंत्र धोरण बंधनकारक केले. क्वेबेकचा कायदा अधिक तपशीलवार असून शिक्षक किंवा अधिकारपदावरील व्यक्ती आणि विद्यार्थी यांच्यातील जवळिकीच्या संबंधांसाठीही तो आचारसंहिता मागतो. धोरण असणे आणि त्यावर विश्वास बसणे या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत: कॅनडाच्या सांख्यिकी विभागाच्या २०१९ च्या पाहणीत ११ टक्के विद्यार्थिनींनी मागील वर्षभरात शैक्षणिक वातावरणात लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले, पण पीडित विद्यार्थिनींपैकी १० टक्क्यांहून कमी जणी त्याविषयी संस्थेशी संबंधित कोणाशी बोलल्या होत्या.

प्रतिबंधाच्या बाजूने ठोस पुरावा असलेला एक उपक्रम विंडसर विद्यापीठातील शार्लीन सेन यांनी तयार केला. धोका ओळखणे, तो मान्य करणे आणि प्रतिकार करणे यांचे प्रशिक्षण त्यात प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनींना दिले जाते. तीन कॅनेडियन विद्यापीठांतील चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले: वर्षभरात बलात्काराचे प्रमाण प्रशिक्षित गटात ५.२ टक्के, तर तुलनेसाठी घेतलेल्या गटात ९.८ टक्के होते. जबाबदारी स्त्रियांवर ढकलली जाते असा आक्षेप त्यावर घेतला जातो. तो गांभीर्याने घ्यावा असाच आहे, तरी पुरुषांसाठीच्या उपक्रमांचा इतका स्पष्ट परिणाम दाखवणे अवघड ठरले आहे. जून २०२३ मध्ये वॉटरलू विद्यापीठात लिंगभाव या विषयाच्या वर्गावर चाकूहल्ला होऊन प्राध्यापिका आणि दोन विद्यार्थी जखमी झाले. पोलिसांनी तो द्वेषप्रेरित ठरवला, आणि तेव्हापासून स्मरणदिनाच्या कार्यक्रमांत वर्गखोल्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न पुन्हा पुढे आला आहे.