हवामान बदलाशी जुळवून घेणाऱ्या शेतीपद्धतींचा स्वीकार

पाऊस लांबणे, मध्येच खंड पडणे, ऊन वाढणे, अवेळी पूर येणे अशा बदलांना तोंड देण्यासाठी शेतकरी पेरणीची वेळ, वाण, पीक, पाणी देण्याची रीत किंवा मशागत बदलतो, त्याला अनुकूलन म्हणतात. अशी पद्धत कोण, कधी आणि का उचलतो, याचा अभ्यास कृषिअर्थशास्त्र आणि ग्रामीण समाजशास्त्रात होतो.

शेतकऱ्याला माहिती नसते म्हणून तो बदलत नाही, हा समज जुना आहे आणि बहुतांशी चुकीचाही. पाऊस बदलल्याचे त्याला सर्वांत आधी कळते. अडते ते पुढे. नवी पद्धत फसली तर वर्षभर घरात खायचे काय, हा प्रश्न असतो. ओलिताची सोय, साठवलेले धान्य किंवा जोडउत्पन्न असलेला शेतकरी एक हंगाम पणाला लावू शकतो. तेवढी ऐपत नसलेला हात आखडता घेतो. त्यामुळे ज्यांना झळ जास्त बसते तेच बहुधा मागे राहतात, आणि त्याला हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे. धोका कमी झाला की हाच शेतकरी कसा वागतो, हे ‘स्वर्णा सब-1’ या भाताच्या वाणाने दाखवले. सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरणारे हे वाण भारतात 2009 मध्ये प्रसारित झाले. ओडिशात ते लावणाऱ्यांनी खतावर आणि लागवडीवर आपणहून जास्त खर्च केल्याचे आढळले.

फायदा कुणाच्या पदरात पडतो, यावरही बरेच ठरते. भातखाचरात आलटून पालटून पाणी देण्याची एक पद्धत आहे. भोके पाडलेली नळी चिखलात रोवायची, आत डोकावून पाणी पाहायचे आणि ते जमिनीखाली 15 सेंटिमीटरपर्यंत उतरले की पुन्हा खाचर भरायचे. फुलोऱ्यात मात्र पाणी तोडायचे नाही. पाण्याची चांगली बचत होते. पण बांगलादेशात अनेक शेतकरी पंपमालकाला हंगामाचे ठरीव पैसे देतात. पाणी वाचले तरी त्यांचा एक पैसाही वाचत नाही, मग नळीत रोज वाकून कोण पाहणार?

मालकीचा प्रश्न याहून खोल आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर या देशात शेतातली झाडेसुद्धा सरकारी मानली जात, तेव्हा खोडातून फुटलेले कोंब कुणी राखत नसे. 1980च्या दशकाच्या मध्यापासून ती बंधने सैल झाली आणि शेतकऱ्यांनी स्वतःच झाडे वाढवली. सुमारे 50 लाख हेक्टरवर. खंडाने किंवा बटाईने कसणाऱ्याची अडचण तीच. पुढच्या वर्षी जमीन हातात असेल की नाही हे ठाऊक नसताना बांधबंदिस्तीवर तो कष्ट का घालेल?

विश्वास बसतो तो शेजाऱ्याच्या रानावर. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील संकरित मक्याच्या प्रसारावर रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी 1943 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयाचा पाया मानला जातो. बियाण्याची खबर मुख्यतः विक्रेत्यांनी आणली, पण पेरायचे मन शेजाऱ्यांमुळे झाले. तिथल्या शेतकऱ्यांनी आधी थोड्या क्षेत्रावर पेरून पाहिले, मग वाढवले.

शिक्षण, वेळेवर मिळणारे कर्ज, पीकविमा, हवामानाचा स्थानिक अंदाज आणि कृषी विस्तारसेवा, म्हणजे शेतकऱ्यांना सल्ला देणारी यंत्रणा, यांचाही हातभार लागतो. मात्र विस्तारसेवा घरातल्या पुरुषाशीच बोलते आणि शेतात राबणारी बाई सल्ल्याबाहेर राहते, असे पुष्कळ देशांत दिसते.

एकदा उचललेली पद्धत टिकतेच असेही नाही. अनुदान थांबले किंवा मजूर मिळेनासे झाले की ती सुटते. म्हणून पहिल्या वर्षी किती जणांनी सुरुवात केली एवढ्यावर स्वीकार मोजला, तर तो फुगलेला दिसतो.