माहिती नेहमी दुसऱ्याच कुणाला: शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलामुलींच्या लैंगिक आरोग्य शिक्षणाची पार्श्वभूमी

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा 19 एप्रिल 2017 रोजी लागू झाला. प्रजनन आणि कुटुंबनियोजनाची योग्य माहिती अपंग व्यक्तीपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी त्याच्या कलम 10 ने सरकारवर टाकली. मोकळेपणाने आणि समजून-उमजून दिलेली संमती नसेल, तर वंध्यत्व आणणारा कोणताही उपचार करता येणार नाही, हेही त्याच कलमात आहे. कलम 25 मध्ये लैंगिक आणि प्रजनन आरोग्यसेवेचा उल्लेख आहे. त्याआधीच्या 1995 च्या कायद्यात शिक्षण होतं, नोकरीतलं आरक्षण होतं, पण या विषयावर एक ओळही नव्हती. ती ओळ यायला एवढा उशीर का झाला, आणि आल्यावरही कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट) लावून शाळेत जाणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीपर्यंत ती का पोहोचली नाही, याचं उत्तर मागच्या शंभर वर्षांत सापडतं. या काळात माहिती तयार होत गेली, पण प्रत्येक वेळी ती दुसऱ्याच कुणाला तरी दिली गेली.

मराठीपुरतं बोलायचं तर लैंगिक आरोग्यावर उघड आणि शास्त्रीय लिखाण लवकर सुरू झालं. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. जुलै 1927 पासून 1953 मधल्या मृत्यूपर्यंत ते ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत राहिले, त्यापायी खटलेही सोसले. पण हा संवाद मुख्यतः प्रौढ स्त्री-पुरुषांशी होता. जगात त्याच सुमारास अपंगांचा विचार होत होता तो त्यांची संतती थांबवण्यापुरता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1927 मध्येच सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. जर्मनीच्या 1933 च्या कायद्यात आनुवंशिक अंधत्व आणि बहिरेपणासोबत गंभीर आनुवंशिक शारीरिक व्यंगही नसबंदीचं कारण म्हणून नोंदवलेलं होतं. त्या कायद्याखाली सुमारे 4 लाख लोकांवर शस्त्रक्रिया झाल्या. ‘यांना मुलं नकोत, मग यांना माहिती कशाला’ हा विचार तेव्हा कायद्यात लिहिलेला होता. पुढे तो कायद्यातून गेला, घराघरांतून मात्र गेला नाही.

वैद्यकशास्त्राची दिशा बदलली ती 1944 मध्ये. इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल इथे लुडविग गुटमान यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग सुरू केला. त्याआधी असे रुग्ण बहुधा दाबव्रणांनी (एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमांनी) किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. ते जगू लागले, तेव्हा लग्न आणि मुलं हे प्रश्न पुढे आले. पण विचारणारे तरुण सैनिक होते, त्यामुळे संशोधनही पुरुषाला मूल होईल का, याभोवतीच फिरत राहिलं. मुलींच्या बाबतीतली साधी वस्तुस्थिती मागे पडली. ती अशी: इजेनंतर काही महिने पाळी थांबू शकते, नंतर ती परत येते आणि गर्भधारणेची क्षमता जवळपास पूर्वीइतकीच राहते. पाळी थांबली म्हणजे आता मूल होणार नाही, असा समज आजही अनेक घरांत आहे. त्यातून नको असलेली गर्भधारणा ओढवू शकते.

1972 मध्ये अमेरिकेतले जॅक लॅपिडेस यांनी ठरावीक वेळाने स्वतः कॅथेटर (बारीक नळी) घालून लघवी काढण्याची स्वच्छ पद्धत मांडली. स्पायना बायफिडा (जन्मतःच पाठीचा कणा नीट न जुळलेला असणं) असलेल्या मुलांचे मूत्रपिंड त्यामुळे वाचू लागले आणि ही मुलं मोठ्या संख्येने वयात येऊ लागली. या मुलांना मेंदूत पाणी साठण्याचा त्रास असेल, तर पाळी किंवा वयात येण्याच्या खुणा बरोबरीच्या मुलांआधी दिसू शकतात. म्हणून त्यांना माहिती आठव्या-नवव्या वर्षीच द्यावी लागते. शिवाय लहानपणापासूनच्या शस्त्रक्रिया, हातमोजे आणि कॅथेटर यांमुळे त्यांच्यात लॅटेक्सची (नैसर्गिक रबराची) ॲलर्जी खूप आढळते. पुढे निरोध वापरायची वेळ आली, तर नेहमीचा लॅटेक्सचा चालत नाही, पॉलीयुरेथेन किंवा पॉलीआयसोप्रीनचा लागतो. गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायचं फॉलिक ॲसिडही इतर स्त्रियांप्रमाणे 400 मायक्रोग्रॅम पुरत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच्या दहापट, म्हणजे 4 मिलिग्रॅमच्या आसपास घ्यावं लागतं. शाळेच्या सर्वसाधारण पाठात या गोष्टी येणार नाहीत.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅक ॲनन यांनी 1970 च्या दशकात एक चार पायऱ्यांची रीत मांडली. पुनर्वसनाच्या क्षेत्रात ती आजही कामाची आहे. पहिली पायरी म्हणजे विषय काढायला मोकळीक देणं, दुसरी मोजकी माहिती, तिसरी त्या व्यक्तीच्या शरीराला लागू पडणाऱ्या सूचना आणि चौथी तज्ज्ञांचा सखोल उपचार. किशोरवयीन मुलांची बहुतेक गरज पहिल्या तीन पायऱ्यांवरच भागते आणि पहिल्या दोन शिक्षक किंवा फिजिओथेरपिस्ट सहज पेलू शकतात. बिघडतं ते इथेच. मूल प्रश्न विचारतं, ‘डॉक्टरांना विचार’ असं उत्तर मिळतं आणि डॉक्टर आईशी बोलतात.

महाराष्ट्रात अपंगांच्या पुनर्वसनाचा पाया मुख्यतः पोलिओने घातला. फातिमा इस्माइल यांनी 1947 मध्ये मुंबईत अपंग मुलांसाठी संस्था काढली, 1955 मध्ये हाजी अलीची पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आली. 1972 मध्ये मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या मुलांसाठी मुंबईत काम सुरू केलं. 1984 मध्ये नसीमा हुरजूक यांची ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ कोल्हापुरात उभी राहिली. शस्त्रक्रिया, कॅलिपर, शाळा, वसतिगृह, रोजगार ही कामं मोठी होती आणि त्यांनी हजारो आयुष्यं बदलली. पण लैंगिक आरोग्य त्या काळच्या पुनर्वसनात जवळपास कुठेच नव्हतं. पोलिओ स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी मारतो. संवेदना, पाळी आणि प्रजननक्षमता शाबूत राहतात, हे पोलिओ झालेल्या मुलीला सांगणं एका वाक्याचं काम होतं. ते न सांगितल्यामुळे कित्येक मुलींनी ‘आपलं आतलं सगळंच अधू असेल’ अशी धास्ती बाळगली.

माहितीऐवजी शस्त्रक्रिया करून मोकळं होण्याचं टोक 1994 च्या फेब्रुवारीत पुण्यात दिसलं. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण देण्यात आलं. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर शस्त्रक्रिया थांबल्या. त्या मुलींचं अपंगत्व बौद्धिक होतं, पण ‘पाळी सांभाळणार कोण’ हा प्रश्न व्हीलचेअरवरच्या मुलीच्या घरातही तसाच विचारला जातो. त्याची उत्तरं आहेत, ती शिकवता येतात.

दिवसभर बसून राहणाऱ्या मुलीचा स्राव मागे जातो, म्हणून पॅड नेहमीपेक्षा मागे सरकवून लावायचं. जिला बसायच्या जागी संवेदना नाही, तिला पॅडची घडी किंवा गोळा झालेला भाग टोचत असल्याचं कळत नाही. ओल आणि दाब एकत्र आले की काही तासांत कातडी खराब होऊ लागते. त्यामुळे आरशात सकाळ-संध्याकाळ त्वचा पाहायची आणि लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर त्या जागेवर बसायचं नाही. कॅथेटर दर 4 ते 6 तासांनी घालायचा असतोच, पॅड त्याच वेळी बदलायचं: हात धुवायचे, जुनं पॅड काढायचं, पुढून मागे स्वच्छ करायचं, कॅथेटर घालायचा आणि मग नवं पॅड. एकच हात चालत असेल, तर बाजूने वेल्क्रोने उघडणारी चड्डी आडवं पडूनही बदलता येते. सेरेब्रल पाल्सीत मांड्या घट्ट आवळल्या जातात. तेव्हा पाय ओढले, तर ताण आणखी वाढतो. कुशीवर वळवून, गुडघे दुमडून, मध्ये उशी ठेवून थोडं थांबलं की पाय सैल पडतात. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा असेल, तर पाळीच्या कळांमुळेही रक्तदाब अचानक चढू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा वेळी लगेच ताठ बसवायचं, कपडे सैल करायचे, मूत्राशय रिकामं करायचं आणि उतार पडला नाही तर रुग्णालय गाठायचं. मुलग्यांच्या बाबतीत, कॅथेटर किंवा व्यायामाच्या वेळी लिंगाला आपोआप येणारा ताठरपणा ही मज्जारज्जूच्या पातळीवरची क्रिया आहे, तो चावटपणा नव्हे, हे मुलाला आणि मदतनिसाला दोघांनाही आधीच सांगून ठेवायला हवं.

आंतरराष्ट्रीय पातळीवर संयुक्त राष्ट्रांच्या 1993 च्या नियमावलीने अपंगांचं लैंगिक जीवन आणि पालकत्व नाकारू नये, असं स्पष्ट म्हटलं होतं. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा 2006 चा करार घडताना मात्र मसुद्यातला लैंगिकतेचा उल्लेख कुटुंबविषयक कलमातून गळला, आरोग्याच्या कलम 25 मध्ये लैंगिक आणि प्रजनन आरोग्य टिकलं, आणि त्यावरूनच व्हॅटिकनने सही केली नाही. भारताने 2007 च्या ऑक्टोबरमध्ये हा करार मंजूर केला. त्याच वर्षी महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम रोखला, आणि 2009 मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने शाळेत लैंगिक शिक्षण नको, अशी शिफारस केली. सगळ्याच मुलांचा पाठ बंद झाला, तिथे अपंग मुलांसाठी वेगळा पाठ कोण लिहिणार? 10 ते 19 वयोगटासाठीचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी 2014 मध्ये आला. त्याचा बराचसा भार गावातल्या बैठकांवर आणि आरोग्यकेंद्रातल्या समुपदेशनावर आहे. जिना, उंच तपासणी टेबल आणि अरुंद शौचालय यांच्यापुढे व्हीलचेअर दारातच थांबते.

बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा 2012 चा पॉक्सो कायदा या मुलांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. मुलाच्या अपंगत्वाचा फायदा घेऊन केलेला अत्याचार तो अधिक गंभीर धरतो, आणि जबाब नोंदवताना विशेष शिक्षकाची किंवा मुलाची संवादपद्धत जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घेण्याची सोय देतो. पण ती सोय वापरण्यासाठी मुलाकडे आधी शब्द असावे लागतात. ज्याला आंघोळ, कपडे, शौच यासाठी लहानपणापासून अनेक हात लागतात, त्याला कोणता स्पर्श मदतीचा आणि कोणता नाही, हे आपोआप कळत नाही. त्यासाठी प्रत्येक मदतनिसाने हात लावण्यापूर्वी काय करणार ते सांगायचं, होकाराची वाट पाहायची आणि मुलाला जमेल तेवढं त्याचं त्यालाच करू द्यायचं, ही सवय घरात आणि वसतिगृहात रोज पाळावी लागते. न बोलणारी मुलं ज्या चित्रांवर बोट ठेवून आपलं म्हणणं सांगतात, त्या चित्रफलकांवर जेवण, पाणी, खेळ, शाळा असते, पण गुप्तांगांची चित्रं नसतात. ‘नको’, ‘थांब’, ‘दुखतंय’, ‘इथे हात लावला’ हेही बहुतेक फलकांवर सापडत नाही. ही चित्रं फलकावर घालायला खर्च येत नाही. तरी ती राहतात, कारण फलक मोठी माणसं बनवतात आणि मुलाला या गोष्टी बोलाव्या लागतील, हे त्यांच्या मनात येत नाही. 1098 या बालकांच्या मदतक्रमांकावर फोन करायचा झाला, तर बोलू न शकणाऱ्या मुलासाठी तो दुसऱ्या कुणाला तरी लावावा लागतो. म्हणून घराबाहेरची निदान एक विश्वासाची व्यक्ती फलकावर फोटोसह असावी, आणि ती कोण असेल हे मुलाने ठरवावं.