पाकिटावरचा 14 अंकी नंबर म्हणजे तपासलेला माल नव्हे

सीमाभागातल्या निपाणी, खानापूरच्या बाजारात दुकानदार गुळाचं पाकीट दाखवत हमखास सांगतो, "काकू, एफएसएसएआयचा नंबर आहे, सरकारनं तपासलंय!" तसं नाही. एफएसएसएआय म्हणजे केंद्राची अन्न सुरक्षा संस्था; तिचा हा नंबर म्हणजे धंद्याचा परवाना किंवा नोंदणी. त्या पाकिटातला गूळ कुणी तपासलेला असेलच असं नाही. पहिला अंक 1 असेल तर परवाना, 2 असेल तर नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे: कर्नाटक 12, महाराष्ट्र 15; केंद्राचा परवाना असेल तर 00. (सीमावाद इथंही सुटत नाही!) अन्न सुरक्षेचा कायदा मात्र 2006 चा, केंद्राचा, दोन्हीकडे एकच. नमुने अन्न सुरक्षा अधिकारी घेतात, तेही अधूनमधून. शंका आली तर याच कायद्याच्या कलम 40 प्रमाणे फी भरून गिऱ्हाईकही माल तपासून घेऊ शकतं. दोष निघाला तर फी परत मिळते.